वाचकांचे प्रश्न : राजदूताची खुर्ची आणि वशिला

मागच्या अंकात राजदूतांच्या नेमणुकांवर एक छोटं टिपण आलं होतं. राजकारणातली माणसं थेट राजदूत होतात, एवढाच त्याचा विषय होता. त्यावर मराठवाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यातून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देत आहोत.

निवडणुकीत पडलेल्या नेत्याला महामंडळ देतात, तसं राजदूतपद देता येतं का? हे कायद्यात बसतं का?
— सेवानिवृत्त शिक्षक, परभणी

देता येतं आणि कायद्यातही बसतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्राच्या यादीत परदेशातलं प्रतिनिधित्व ११व्या क्रमांकावर आहे. राजदूत परराष्ट्र सेवेतलाच, म्हणजे आयएफएसचाच असावा, असं मात्र कुठेही लिहिलेलं नाही. नेमणूक राष्ट्रपतींच्या नावानं होते आणि निर्णय सरकारचा असतो.

कागद कसा फिरतो ते बघा. एखाद्या देशातल्या राजदूताची मुदत (साधारण तीन वर्षं) संपत आली की मंत्रालयात नावांची चाचपणी सुरू होते. सेवेतला अधिकारी असेल तर नाव परराष्ट्र सचिवांकडून वर जातं. राजकीय माणूस असेल तर नाव वरूनच खाली येतं आणि मंत्रालय फक्त फाईल तयार करतं. परराष्ट्रमंत्री आणि पंतप्रधान यांची मंजुरी झाली की त्या देशाला गुपचूप विचारलं जातं, ‘हा माणूस चालेल का?’ होकार येईपर्यंत नाव जाहीर करत नाहीत. होकारानंतर मंत्रालयाचं चार ओळींचं पत्रक निघतं. मग राष्ट्रपतींच्या सहीचं अधिकारपत्र आणि आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचं पत्र, अशी दोन्ही पत्रं घेऊन नवा माणूस निघतो. तिथे पोचल्यावर आधी परराष्ट्र खात्याला प्रत द्यायची आणि नंतर राष्ट्रप्रमुखाच्या हाती मूळ पत्र.

या सगळ्यात संसद कुठे आहे? कुठेच नाही. खासदार प्रश्न विचारू शकतात. परराष्ट्र व्यवहारांची स्थायी समिती मंत्रालयाच्या खर्चाच्या मागण्या तपासते. पण अमुक माणसाला समोर बसवून ‘तुम्हाला त्या देशाबद्दल काय माहीत आहे?’ असं विचारणारी पायरीच आपल्याकडे नाही. नेपाळच्या २०१५च्या घटनेत राजदूतांची संसदीय सुनावणी आहे. श्रीलंकेत उच्चपदांसाठीची संसदीय समिती नावं तपासते. आमच्या मते गोम इथेच आहे. माणूस राजकारणातला असण्यात वावगं काही नाही, पण त्याची परीक्षा कुणी घेत नाही, हे वाईट.

सुरुवातीला तर राजकीय माणसं नेमण्यावाचून इलाजच नव्हता. आयएफएस स्थापण्याचा निर्णयच ऑक्टोबर १९४६चा. अनुभवी अधिकारी आणायचे कुठून? म्हणून वॉशिंग्टनला असफ अली, मॉस्कोला विजयालक्ष्मी पंडित आणि त्यांच्यामागून राधाकृष्णन, लंडनला कृष्ण मेनन गेले. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री राहिलेले बाळासाहेब खेर १९५२ ते १९५४ लंडनमध्ये उच्चायुक्त होते. पुढे सेवा भक्कम झाली तरी रिवाज राहिला. आणीबाणीत माहिती खात्यातून हटवलेले इंदरकुमार गुजराल १९७६ मध्ये मॉस्कोला गेले. वर्तमानपत्रं ज्याला ‘राजकीय पुनर्वसन’ म्हणतात, त्याचा हा नमुनाच. गंमत अशी की १९७७ मध्ये सरकार बदललं, तरी जनता पक्षानं त्यांना तिथेच ठेवलं आणि ते १९८० पर्यंत राहिले. काम येत होतं, म्हणून टिकले. पश्चिम बंगालचे माजी मुख्यमंत्री सिद्धार्थ शंकर राय १९९२ मध्ये वॉशिंग्टनला गेले. त्याआधी, १९७७ मध्ये, जनता सरकारनं तिथे नानी पालखीवालांना पाठवलं होतं. ते पक्षाचे कार्यकर्ते नव्हते, कायदेपंडित होते. तेव्हा ‘बाहेरचा’ म्हणजे प्रत्येक वेळी पडेल नेता, असं धरून चालू नका.

राजकीय राजदूतामुळे नेमकं बिघडतं काय? सही तर कुणीही करू शकतो.
— वकील, अंबाजोगाई

सही कुणीही करतो, हे बरोबर. दूतावासाचा रोजचा गाडा उपप्रमुख हाकतो आणि तो सेवेतला अधिकारीच असतो. म्हणून राजदूत कच्चा असला तरी वर्ष-दोन वर्षं बाहेर काही दिसत नाही.

बिघडतं ते मंत्रालय आणि राजदूत यांच्या नात्यात. सेवेतल्या माणसाची पुढची बदली, बढती मंत्रालयाच्या हातात असते, म्हणून तो चौकटीत राहतो. ज्याचा फोन थेट पंतप्रधान उचलतात, त्याला सहसचिव काय सांगणार? १९४८चं जीप प्रकरण याचं जुनं उदाहरण आहे. लंडनमध्ये उच्चायुक्त असलेल्या कृष्ण मेनन यांनी लष्करासाठी सुमारे ८० लाख रुपयांच्या जीपचा करार ठरलेली पद्धत बाजूला ठेवून केला. भारतात पोचल्या त्या १५५ जीप. १९५५ मध्ये सरकारनं प्रकरण मिटल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले.

पण तोच थेट फोन उपयोगाचाही असतो. समोरच्या देशाला ठाऊक असतं की या माणसाशी बोललेलं संध्याकाळपर्यंत दिल्लीत सर्वांत वर पोचेल. गॅलब्रेथ १९६१ ते १९६३ अमेरिकेचे दिल्लीतले राजदूत होते. १९६२च्या चीन युद्धात त्यांचा अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्याशी थेट संपर्क आपल्याला कामी आला. ते परराष्ट्र सेवेतले नव्हते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते.

तपासणी आधी की घोषणा आधी, हाही प्रश्न असतो. ब्रिटननं डिसेंबर २०२४ मध्ये पीटर मँडेलसन यांना वॉशिंग्टनसाठी जाहीर केलं. तिथल्या सत्ताधारी मजूर पक्षातलं वजनदार नाव. सुरक्षा तपासणी घोषणेनंतरची. लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेला अमेरिकी धनाढ्य जेफ्री एपस्टीन याच्याशी झालेले त्यांचे ई-मेल बाहेर आल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना काढावं लागलं. घोषणा होऊन बसली की तपासणाऱ्यालाही ‘नको’ म्हणणं जड जातं.

अमेरिकेत पक्षाला देणगी देऊन राजदूतपद मिळतं म्हणतात. मग ते उघड विकणंच झालं की?
— प्राध्यापक, नांदेड

उघड विकलं तर तो गुन्हा आहे आणि त्यासाठी माणूस तुरुंगात गेलेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांचे वकील हर्बर्ट काल्मबाख यांनी १ लाख डॉलरच्या देणगीच्या बदल्यात युरोपातल्या राजदूतपदाचं आश्वासन दिल्याचं १९७४ मध्ये कबूल केलं. पण आधी देणगी, नंतर निवडणूक, त्यानंतर नेमणूक, आणि मध्ये कुणी कुणाला काही बोललंच नाही, असा क्रम असेल तर गुन्हा सिद्ध होत नाही. सगळा खेळ या न बोललेल्या भागात चालतो.

या प्रकाराला आवर घालायला अमेरिकेनं १९८०च्या परराष्ट्र सेवा कायद्यात कलम ३०४ घातलं. त्यानुसार निवडणूक निधीला दिलेली देणगी हा नेमणुकीचा निकष असू नये. नाव सुचवल्यावर अध्यक्षांनी त्या माणसाच्या पात्रतेचा अहवाल सिनेटच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, समितीला द्यायचा असतो. उमेदवारानं स्वतःच्या आणि जवळच्या कुटुंबीयांच्या मागच्या चार वर्षांतल्या राजकीय देणग्या लिहून द्यायच्या असतात. कायदा एवढा स्पष्ट असूनही देणगीदार जातातच, कारण ‘निकष असू नये’ म्हणजे ‘देणगीदार नको’ असं नव्हे. साधारण तीनास सात हे तिथलं जुनं प्रमाण: तीन राजकीय, सात सेवेतले. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत राजकीय वाटा चाळीस टक्क्यांच्या वर गेला.

राजकीय माणसं कुठे जातात हेही बघण्यासारखं आहे. लंडन, पॅरिस, रोम, कॅरिबियन बेटं. मध्य आफ्रिकेतल्या धुमश्चक्रीच्या राजधानीत बहुधा सेवेतलाच अधिकारी असतो. त्याला एक व्यवहारी कारणही आहे. मोठ्या राजधान्यांतल्या मेजवान्यांना सरकारी भत्ता पुरत नाही, खिशातून खर्च करणारा लागतो.

पण तिथे सिनेटमध्ये परीक्षा आहे, आणि तीही सगळ्यांसमोर. १९५७ मध्ये मॅक्सवेल ग्लक यांना श्रीलंकेला (तेव्हाच्या सिलोनला) पाठवायचं ठरलं. सिनेटर फुलब्राइट यांनी तिथले पंतप्रधान कोण म्हणून विचारलं, तर ग्लक यांना भंडारनायकेंचं नाव सांगता आलं नाही. तरी ते गेलेच. २०१४ मध्ये जॉर्ज सुनिस यांचं नाव नॉर्वेसाठी आलं. सुनावणीत ते नॉर्वेच्या ‘राष्ट्राध्यक्षां’बद्दल बोलून बसले. तिथे राजा आहे! वर्षाअखेरीस ते नाव मागे पडलं. पुढे २०२२ मध्ये हेच सुनिस ग्रीसला राजदूत म्हणून गेले. म्हणजे परीक्षेत नापास झालेल्याला दुसरं केंद्र मिळतं, पण नापास झाल्याचं गावाला कळतं तरी.

या परीक्षेची किंमतही मोजावी लागते, आणि ती आपणही मोजली आहे. जानेवारी २०२१ पासून दिल्लीत अमेरिकेचा पूर्ण राजदूत नव्हता. एरिक गार्सेटी यांचं नाव जुलै २०२१ मध्ये आलं, पण त्यांच्या महापौर कार्यालयातल्या एका सहकाऱ्यावरच्या आरोपांमुळे ते सिनेटमध्ये अडकलं. मतदान झालं मार्च २०२३ मध्ये, ५२ विरुद्ध ४२. मधला काळ प्रभारींवर निघाला. (मुंबईच्या व्हिसाच्या रांगेशी याचा थेट संबंध नाही. ते काम वाणिज्य दूतावासाचं. राजदूत नाही म्हणून मुलाचा व्हिसा अडलाय, असं कुणी एजंट सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.)

आयएफएस होऊन राजदूत व्हायला किती वर्षं लागतात? वरून राजकीय माणूस आला तर आमची संधी जाते का?
— विद्यार्थिनी, लातूर

साधारण पंधरा ते वीस वर्षं, तीही आधी एखाद्या लहान देशात. यूपीएससीच्या २०२३च्या परीक्षेतून आयएफएसला ३७ जण गेले, २०२४च्या परीक्षेतून ५५. आधी मसुरीची प्रशासन अकादमी, मग दिल्लीची सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्था, मग एक परदेशी भाषा सक्तीची. त्यानंतर तिसरा सचिव, दुसरा, पहिला, कौन्सेलर असा जिना चढायचा.

भारताची जगभरात सुमारे दोनशे दूतावास आणि वाणिज्य कार्यालयं आहेत. आपल्याकडे राजकीय नेमणुका त्यात मूठभर असतात. पण पूर्वी त्यातल्या बऱ्याच वॉशिंग्टन, लंडन, मॉस्को अशा ठिकाणी असत, म्हणजे सेवेतला माणूस आयुष्यभर ज्या खुर्चीकडे बघतो तिथेच. तुझी संधी जाईल ती पहिल्या राजदूतपदाची नाही, शेवटच्या मोठ्या पदाची. एवढ्यासाठी अभ्यास सोडू नको. बातमी वाचताना एक बघ. मंत्रालयाच्या पत्रकात सेवेतल्या माणसाच्या नावापुढे कंसात त्याची तुकडी असते, ‘आयएफएस : १९९५’ अशी. कंस नसेल, किंवा नावाआधी ‘माजी’ किंवा लष्करी हुद्दा असेल, तर माणूस बाहेरचा. लष्करप्रमुखपदावरून निवृत्त झालेले दलबीरसिंग सुहाग २०१९ मध्ये सेशेल्सला उच्चायुक्त म्हणून गेले, तशी उदाहरणं.

समोरचा देश आपला माणूस नाकारू शकतो का?
— वाचक, बीड

हो, आणि कारण सांगायला बांधील नाही. १९६१च्या व्हिएन्ना कराराचं चौथं कलम तसं म्हणतं. बहुतेक वेळा नकार तोंडानं देतच नाहीत, नुसतं उत्तर येत नाही. महिने जातात आणि पाठवणारा देश समजून घेतो. २०१५ मध्ये इस्रायलनं दानी दयान यांना ब्राझीलसाठी जाहीर केलं. ते पॅलेस्टिनी भागातल्या इस्रायली वसाहतींमधल्या रहिवाशांचे नेते राहिलेले. ब्राझीलनं होकार दिलाच नाही. आधी जाहीर केल्यामुळे तिढा चव्हाट्यावर आला, आणि शेवटी दयान न्यूयॉर्कला वाणिज्यदूत म्हणून गेले.

उच्चायुक्त आणि राजदूत यांत फरक काय?
— वाचक, हिंगोली

दर्जा आणि काम एकच. राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात, बाकी ठिकाणी राजदूत.

निजामानं लंडनला आपला वकील ठेवला होता, असं आजोबा सांगत. तो राजदूतच म्हणायचा का?
— वाचक, उदगीर

नाही. त्याला एजंट जनरल म्हणत. संस्थानाला स्वतंत्र परराष्ट्र धोरण नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानंतर भारतानं हैदराबादेत कन्हैयालाल मुन्शींना पाठवलं तेही एजंट जनरल म्हणूनच. राजदूत म्हटलं असतं तर हैदराबाद वेगळा देश आहे हे मान्य केल्यासारखं झालं असतं. मुन्शी अधिकारी नव्हते, काँग्रेसमधले नेते होते. इतक्या नाजूक जागी सरदार पटेलांना कारकुनी वळणाचा माणूस नको होता.

तुमच्या आजोबांच्या गोष्टीचा पुढचा भाग फार कमी जणांना ठाऊक असतो. सप्टेंबर १९४८ मध्ये, पोलीस कारवाईच्याच दिवसांत, लंडनच्या बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब रहिमतुल्ला यांच्या नावावर वळवले गेले. रहिमतुल्लाही सेवेतले नव्हते, मुस्लिम लीगचे मुंबईचे नेते होते. निजामानं काही दिवसांतच पैसे परत मागितले. बँकेनं हात वर केले. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि परदेशी सरकारावर दावा चालत नाही या मुद्द्यावर १९५७ मध्ये थांबला. २०१३ मध्ये पाकिस्ताननं स्वतःच दावा लावला आणि ते कवच गेलं. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयानं निकाल भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूनं दिला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

एखाद्या राजकीय नेमणुकीची माहिती माहिती अधिकारात मागता येईल का?
— कार्यकर्ता, धाराशिव

येईल, पण प्रश्न नीट लिहिला तर. ‘अमक्यालाच का नेमलं?’ असं विचारलंत की उत्तर ठरलेलं: कारणं आणि मतं ही ‘माहिती’ नाही. कायद्यात माहिती म्हणजे जे कागदावर आहे ते. म्हणून असं लिहा : अमुक तारखेला आयएफएसबाहेरचे किती जण दूतावासांचे प्रमुख होते, त्यांची यादी, प्रत्येकाची रुजू तारीख आणि मुदत; नेमणूक आदेशाची प्रत; वेतन आणि भत्ते ठरवणाऱ्या आदेशाची प्रत.

अर्ज परराष्ट्र मंत्रालयाच्या माहिती अधिकाऱ्याला. केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावरून केला तर सोपं. नाहीतर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून पोस्टानं पाठवा. हेड पोस्टातही केंद्राचे अर्ज घेतात. मराठीत लिहिलं तरी चालतं, कायदा त्या भागाच्या राजभाषेला मुभा देतो. पण दिल्लीत भाषांतरात दिवस जातात, म्हणून हिंदीत दिलेलं बरं. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. उत्तराची मुदत ३० दिवस. न आलं किंवा पटलं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोग.

नकार येईल तो बहुधा कलम ८(१)(अ) खाली, परराष्ट्र संबंधांना बाधा म्हणून, किंवा मंत्रिमंडळाची कागदपत्रं म्हणून ८(१)(आय) खाली. दुसऱ्या नकाराला तोड त्याच कलमात आहे. निर्णय होऊन प्रकरण पुरं झालं की निर्णय, त्याची कारणं आणि आधारभूत कागद खुले करायचे, असं ते म्हणतं. अपिलात हे वाक्य शब्दशः उतरवा. सोबत कलम १० लिहा, म्हणजे झाकायचा भाग झाकून उरलेलं द्यावं लागतं. समोरच्या देशाशी झालेला पत्रव्यवहार मात्र मागू नका. तो मिळत नाही आणि त्याच्या नावाखाली सगळाच अर्ज बाद होतो.

मुंबईतला एक गृहस्थ म्हणतो, २५ लाखांत एका आफ्रिकी देशाचा मानद वाणिज्यदूत करून देतो, वरपर्यंत ओळख आहे. गाडीला निळी पाटी, पोलीस हात लावत नाहीत. करावं का?
— उद्योजक, जालना

करू नका. मानद वाणिज्यदूत (परक्या देशाचं वाणिज्य दूतावासाचं काम इथे बिनपगारी बघणारा माणूस) खरा असतो, पण तो असा होत नाही. तो देश स्वतः आपल्या दिल्लीतल्या दूतावासामार्फत नाव परराष्ट्र मंत्रालयाला कळवतो. इथे चौकशी होते, सरकार संमती देतं, मगच काम सुरू करता येतं. यात एजंटाला जागा नाही. बरेचदा त्या देशाशी आधीपासून व्यापार असलेल्या माणसाचंच नाव येतं.

आणि मिळून मिळतं काय? पगार नाही. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार तुम्ही इथलेच नागरिक असल्यामुळे संरक्षण फक्त त्या पदाच्या कामापुरतं. तुमच्या कारखान्याचा जीएसटी, बँकेचं कर्ज, कामगारांचे दावे, यातलं काहीच त्यात येत नाही. घरच्यांनाही काही मिळत नाही. पदाचे कागद धंद्याच्या कागदांत मिसळले तर त्यांनाही संरक्षण नाही. जुलै २०२५ मध्ये गाझियाबादेत एका बंगल्यात अस्तित्वातच नसलेल्या ‘देशां’चा दूतावास चालवणाऱ्याला पोलिसांनी पकडलं. खोट्या राजनैतिक पाट्यांच्या महागड्या गाड्या दारात उभ्या होत्या.

खरंखोटं करायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर भारतातल्या परदेशी प्रतिनिधींची यादी आहे. त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाचा पत्ता तिथून घ्या, त्या गृहस्थानं दिलेल्या नंबरवरून नको. दूतावासाला लेखी विचारा. आगाऊ रक्कम दिली असेल तर व्हॉट्सअपचे निरोप आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवा. मग जालन्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार द्या. रोख दिली असेल तरी द्या. फक्त केव्हा, कुठे, कुणासमोर दिली ते आजच लिहून काढा.